वळण आलं की पडदा खिडकीबाहेर : सांगली–पुणे प्रवासात व्हीआर हेडसेट

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. रेल्वेत खात्रीची जागा असेल, शेजारी ओळखीचं माणूस असेल आणि नुसतं नाटक-सिनेमा बघायचा असेल, तर व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेटला, म्हणजे डोळ्यांवर बांधायच्या पडद्याच्या यंत्राला, पाचपैकी साडेतीन गुण. बसमध्ये शून्य. घाटातल्या बसमध्ये उणे गुण द्यायची सोय असती तर तेही दिले असते.

मी सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आई पुण्याला कोथरूडमध्ये असते, तिचं वय झालंय, त्यामुळे माझी वारी वरचेवर चालूच. बहुतेकदा सकाळची कोयना, वार जुळला तर वंदे भारत आणि आरक्षण हुकलं की स्वारगेटची बस. कशानंही गेलं तरी साडेचार-पाच तास मोडतातच. एवढ्या वेळात पेपर तपासून होतील असं लोकांना वाटतं, पण गाडीच्या हिसक्यांत दिलेले गुण कुणी मान्य करेल का? मोबाइलवर काही बघत बसलं की कराड येईपर्यंत मान धरते. भाचा अमेरिकेहून दिवाळीला आला होता, तो जाताना आपला हेडसेट माझ्याकडे ठेवून गेला. "मावशी, मी नवीन घेणार आहे, हा तू वापर." कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या एका कंपनीच्या नाहीत. चालत्या गाडीत कमी-जास्त सगळ्याच हेडसेटना हा त्रास होतो. किमतीचा अंदाज हवा असेल तर मेटाचा क्वेस्ट ३एस २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ३०० डॉलरला बाजारात आला आणि ॲपलचा व्हिजन प्रो त्याच वर्षी फेब्रुवारीत ३,५०० डॉलरला. माझा स्वस्ताच्या टोकाजवळचा आहे.

आधी कौतुक करते. हेडसेट चढवला की डबा गायब होतो, समोरच्या बर्थखाली सरकवलेल्या बॅगा गायब होतात आणि अंधारात फक्त पडदा उरतो. तो हवा तेवढा मोठा करता येतो. मी संगीत नाटकांची जुनी रेकॉर्डिंग आदल्या रात्री लॅपटॉपवरून केबलनं भरून घेते. गाडीत नेटच्या भरवशावर बसू नये. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी रंगभूमीचा नारळ फोडला, त्या गावच्या बाईला नाटक बघायला तोंडाला यंत्र बांधावं लागावं, यावर आमच्या स्टाफरूममध्ये पुरेसं बोलून झालेलं आहे. पण मोबाइलवर नटाचा चेहरा नखाएवढा दिसतो. इथं तान घेताना गळ्याची शीर ताणलेली दिसते, पेटीवाल्याची बोटं दिसतात, मागचा रंगवलेला महाल वाऱ्यानं हलतोय हेसुद्धा दिसतं.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक खुशखबर. पडदा डोळ्यांपासून दोन-तीन बोटांवर असला तरी मधल्या भिंगांमुळे डोळ्याला तो साधारण मीटर-दोन मीटर लांब असल्याचं वाटतं. त्यामुळे ज्यांना फक्त चाळिशी लागलीय त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये टाकावा, सगळं स्वच्छ दिसतं. लांबचा नंबर असेल तर मात्र चष्मा घालूनच चढवावा लागतो आणि काड्या कानामागे दाबल्या जातात.

आता मुद्द्याचं. डोकं कुठं वळलं हे हेडसेटला दोन वाटांनी कळतं. आत जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर असतात. पहिला फिरणं मोजतो, दुसरा वेगातला बदल. बाहेरच्या अंगाला कॅमेरे असतात, ते समोरच्या कडा-कोपरे बघून आपण कुठं आहोत ते ठरवतात. घरात सोफ्यावर बसलं की दोघांचं एकमत असतं. गाडीत भांडण सुरू होतं. गाडी वळली की जायरो म्हणतो, बाईंनी मान वळवली. कॅमेरे म्हणतात, छे, समोरची सीट जिथल्या तिथं आहे. निर्देश चौकट कोणती घ्यायची, म्हणजे हालचाल कशाच्या हिशेबानं मोजायची, जमिनीच्या की डब्याच्या, हा प्रश्न मी अकरावीच्या वर्गात दर वर्षी विचारते आणि निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो. हेडसेटचंही तसंच होतं. त्यानं जायरोचं ऐकलं की पडदा जमिनीच्या हिशेबानं जागेवर राहतो, म्हणजे डब्याच्या हिशेबानं सरकत सरकत जाऊन शेजारच्याच्या खांद्यावर बसतो.

किती सरकतो, ते काढून बघू. ४०० मीटर त्रिज्येचं वळण आणि ताशी ६० किलोमीटरचा वेग धरला तर गाडी सेकंदाला जवळपास २.४ अंश फिरते. वळण पंधरा सेकंद चाललं तर ३६ अंश. म्हणजे नायिका पदाच्या अंतऱ्यावर येईपर्यंत माझी मान खिडकीकडे गेलेली असते. घाटातल्या बसचं गणित आणखी वाईट. ५० मीटर त्रिज्या, ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेनऊ अंश. दहा सेकंदांत पडदा काटकोनात फिरून मागच्या सीटकडे निघालेला असतो.

यावर कंपन्यांनी प्रवासाचा वेगळा मोड दिलेला आहे. ॲपलनं तो आधी विमानासाठी दिला आणि मग पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये रेल्वेसाठीही. मेटानंही २०२४ मध्ये विमानापासूनच सुरुवात केली. हा मोड आपोआप लागेल या आशेवर बसू नका, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. तो चालू असला की यंत्र जायरोचं थोडं कमी आणि कॅमेऱ्यांचं थोडं जास्त ऐकतं. पण मग कॅमेऱ्यांना आत बघण्यासारखं काहीतरी स्थिर लागतं. खिडकीशेजारी बसलात आणि खिडकीचा पडदा उघडा असला की त्यांना पळणारे ऊस दिसतात आणि पुन्हा घोळ. म्हणून उलटं करायचं: खिडकी सोडायची, मधल्या वाटेकडची जागा घ्यायची आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे तोंड करून बसायचं. आयुष्यभर खिडकीसाठी भांडलेल्या बाईला हे जड जातं.

प्रत्यक्षात सांगलीहून कराडपर्यंत उत्तम. कृष्णाकाठचा सपाट मुलूख, गाडी एका लयीत, पडदा जागचा हलत नाही. कराड ते सातारा मधूनमधून थोडा सरकतो, पण हेडसेटवरचं किंवा रिमोटवरचं बटण दाबून धरलं की पडदा पुन्हा समोर येतो. साताऱ्यानंतर खरी परीक्षा. वाठार सोडलं की आदर्कीचा घाट, वळणं, बोगदे. उजेड आणि अंधार झपाझप बदलतात, कॅमेरे बावचळतात आणि पडद्यावर 'ट्रॅकिंग हरवलं' असा निरोप येतो. नशिबानं तोवर बॅटरीच संपत आलेली असते. पूर्ण चार्ज केलेला माझा हेडसेट दोन-सव्वादोन तास चालतो, म्हणजे सांगलीला चढवला की सातारा येता येता मान टाकतो. पॉवर बँक जोडली तर पुढे चालतो खरा, पण वायर खांद्यावरून लोंबते आणि येणारा-जाणारा चहावाला तिला किटली अडकवतो. मी साताऱ्याला काढून ठेवते. आदर्कीचा घाट तसाही उघड्या डोळ्यांनी बघण्यासारखा आहे.

बसचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं वाईटच आहे. मला गाडी लागत नाही. लहानपणापासून आंबा घाटात, कुंभार्ली घाटात कधी लिंबू हुंगायची वेळ आली नाही. तरी आष्ट्याच्या पुढे गेल्यावर तोंडाला पाणी सुटलं, ते चांगल्या अर्थानं नव्हे. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतला द्रव हलला की मेंदूला वळण कळतं. बस वळली, ब्रेक लागला, खड्डा आला, हे सगळं कान सांगत असतो आणि डोळा म्हणतो, पडदा तर स्तब्ध आहे. मेंदू या दोघांच्या भांडणात पोटाला मध्ये ओढतो. बसमध्ये पुस्तक वाचताना होतं तेच, पण पुस्तकाच्या कडेनं निदान खिडकी दिसत असते. इथं तीही वाट बंद. पेठ नाक्याला हायवे लागल्यावर जरा बरं वाटलं, पण पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचं ते एस वळण आलंच. ज्यांना मुळातच गाडी लागते त्यांनी बसमध्ये हा प्रकार करूच नये. आलेपाकानं भागणार नाही.

जर्मनीत ऑडीच्या पोटातून निघालेल्या होलोराइड कंपनीनं यावर उलटा विचार केला होता. २०१९ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात त्यांनी मोटारीत बसून खेळायचा व्हीआर खेळ दाखवला. मोटार डावीकडे वळली की खेळातलं यानही डावीकडे वळतं, म्हणजे कान आणि डोळा एकच गोष्ट सांगतात. फिजिक्सच्या दृष्टीनं हे मला पटतं. फक्त त्यासाठी मोटारीनं हेडसेटशी बोलावं लागतं, आणि मी ज्या बसनं जाते तिचा दरवाजासुद्धा वाहकाच्या लाथेशिवाय ऐकत नाही.

आता माणसं. आपल्याकडे प्रवासात माणसं वगळून कुठल्या वस्तूचं परीक्षण होत नाही. किर्लोस्करवाडीला एक आजोबा चढले, शेजारी बसले. मला बाहेरचं दिसत नव्हतं, पण कुणीतरी निरखतंय हे कळतं. थोड्या वेळानं गुडघ्यावर हलकेच टकटक.

"ताई, मोतीबिंदूचं केलं का काय?"

"नाही हो आजोबा, नाटक बघतेय."

"ह्येच्यात? कुटनं?"

मग काय, टोपी काढायला लावून त्यांना चढवला. त्यांनी दोन्ही हातांनी तो घट्ट धरला, पडेल म्हणून. एक क्षण गप्प. मग, "आरं तिच्या! मानूस हितंच हुबा हाय की!" आणि हात पुढे करून नटाच्या उपरण्याला हात लावायला गेले, तो समोरच्या मुलाच्या चहाला लागता लागता राहिला. पुढे शेणोलीपर्यंत हेडसेट त्यांच्याच डोक्यावर. मध्येच म्हणाले, "आवाज वाडवा की जरा." वाढवला. तेव्हा कळलं की निम्मा डबा नाटक ऐकतोय. या हेडसेटचे स्पीकर कानाजवळच्या पट्ट्यात उघडे असतात. आपल्याला जेवढं ऐकू येतं, शेजारच्यालाही जवळपास तेवढंच. वायरवाले किंवा ब्लूटूथ इअरफोन बरोबर ठेवाच. आजोबांसारखे रसिक शेजारी रोज मिळत नाहीत.

रिमोट मी घरीच ठेवते, हरवायची भीती. त्याशिवाय चालवायचं तर हवेत बोटांची चिमूट करावी लागते, कॅमेरे ती ओळखतात. दिसायला मात्र मी रिकाम्या हवेत आमटीला मीठ घालत बसल्यासारखी दिसते. समोरच्या बर्थवरची लहान मुलगी कराडपर्यंत माझ्या मागोमाग मीठ घालत होती.

टीसी आल्यावर काय, असं बरेच जण विचारतात. हेडसेटच्या कडेला दोन टिचक्या मारल्या की कॅमेऱ्यातून बाहेरचं दिसायला लागतं, रंगीत पण जरा दाणेदार. टीसी दिसतो, त्याचा चेहरा वाचता येतो, मोबाइलवरचं तिकीट मात्र नीट वाचता येत नाही. आणि ओळखपत्रावरच्या फोटोशी चेहरा जुळवायचा असतो, तो आपण झाकून बसलेलो. सरळ काढावा. नाकावर आणि कपाळावर लाल वण उठलेला असतो, त्याला इलाज नाही.

वजनाचं बोलले नाही. अर्धा किलोच्या वर आहे आणि सगळं पुढे. तासाभरात मानेला कळतं. महागडा कडक पट्टा घेऊ नका. त्याचा मागचा ठोकळा सीटच्या पाठीला लागतो आणि मान टेकता येत नाही. मऊ कापडी पट्टा बरा, डोकं मागे टेकवून वजन सीटला देता येतं.

उन्हाबद्दल एकही विक्रेता सांगणार नाही म्हणून मी सांगते, आणि जरा सविस्तर सांगते. हेडसेटच्या आतली भिंगं बहिर्गोल. लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो तोच प्रकार. हेडसेट काढून भिंगं वर करून मांडीवर किंवा खिडकीशी ठेवला आणि त्यात सरळ ऊन शिरलं, तर ते मागच्या स्क्रीनवर एका बिंदूत गोळा होतं आणि तिथं कायमचा डाग पडतो. कंपन्यांच्या सूचनापत्रकात हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत. पुण्याला जाताना दुपारनंतर डावीकडच्या खिडक्यांत बहुतेक वेळ ऊन असतं. गाडी वळते तसं ते कुठूनही आत येतं, आत्ता सावली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. काढला की लगेच पिशवीत, भिंगांवर सुती रुमाल. मी जुन्या टॉवेलची पिशवी शिवून घेतलीय, तिला आतून काळं अस्तर.

खाणं. सांगलीचा माणूस भडंग घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही. हेडसेट घालून भडंग खाता येतो, कारण नाकाजवळ एक फट असते आणि तिच्यातून खाली बघितलं की पुडा दिसतो. शेंगदाणा वेचता येतो, लसूण वेचता येते. अडचण पुढे आहे: तेलकट, तिखट बोटांनी हेडसेट सरळ करायला जावं तर भिंगाच्या कडेला डाग बसतो आणि मग सबंध दुसरा अंक धुक्यात. तिखटाचा हात डोळ्याजवळच्या फोमला लागला तर विचारूच नका. आधी खाऊन घ्यावं, हात पुसावे, मग पडदा उघडावा. एप्रिल-मेमध्ये बिगर एसी डब्यात तर नकोच. तो फोम घामानं भिजतो आणि नंतर त्याचा वास जात नाही. सिलिकॉनचं कव्हर मिळतं, ते पुसता येतं.

आणि बायकांसाठी. डोळे झाकलेले, कान झाकलेले, अशा अवस्थेत एकटीनं गर्दीच्या गाडीत बसणं मला पटत नाही. भित्री म्हणून नव्हे, कोण कुठं सरकून बसलंय, कुणाचा हात कुठं आहे, बॅग कुणी हलवली, ही सगळी खबर आपण प्रवासभर डोळ्यांच्या कोपऱ्यातून घेत असतो, ते आपल्याला जाणवतसुद्धा नाही. हेडसेट चढवला की ती खबर बंद. मी नणंद किंवा सहकारी बरोबर असली तरच वापरते. पर्सचा बंद पायाला वेढा देऊन ठेवते, इअरफोन एकाच कानात. एकटी असेन तर हेडसेट पिशवीत. पुरुष वाचक याला फाजील काळजी म्हणतील, त्यांनी खुशाल म्हणावं.

खेळांबद्दल फार लिहीत नाही. जे खेळ हात फिरवून खेळायचे असतात ते डब्यात खेळणं म्हणजे शेजारच्याच्या चष्म्याचे पैसे भरणं. शिवाय प्रवासाच्या मोडमध्ये त्यांतले बरेचसे नीट चालत नाहीत.

हेडसेटऐवजी काय, तर चष्म्यासारखी दिसणारी उपकरणं मिळतात, एक्सरियलचा एअर २ हे त्यातलं एक. वजन ७२ ग्रॅम, वायर फोनला जोडायची, बॅटरी फोनचीच. त्यात पडदा डोक्यालाच बांधलेला ठेवता येतो: मान वळवा, पडदाही वळतो. जायरो-कॅमेऱ्यांचं भांडण मुळातच नाही, त्यामुळे आदर्कीच्या घाटातही तो समोरच राहतो. काचेच्या खालून पर्स दिसते, शेजारी कोण बसलं ते दिसतं. चित्र हेडसेटएवढं डोळे भरून नाही आणि उन्हात फिकं पडतं. गळ्याची शीर दिसेल का, तर बहुधा नाही. पण केवळ प्रवासासाठीच पैसे घालायचे असतील तर मी हे घेईन, व्हीआर हेडसेट नाही. बसमध्ये पोट ढवळायचा धोका यालाही आहे, कारण कान तोच आहे.

तरी कुणाला हेडसेटच घ्यायचा असेल तर दुकानात स्टुलावर बसून चढवून बघण्यावर जाऊ नका, तिथं सगळेच छान दिसतात. ओळखीपाळखीत कुणाकडे असेल तर एका रविवारी मागून आणा, सांगली स्टेशनवरून मिळेल ती पॅसेंजर पकडून कराडपर्यंत जा आणि येताना मुद्दाम बसनं या. निघताना पोटभर जेवू नका.